अकरा चिंचा आणि एक गडी

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा चेंडूत हवा भरत नसत, चिंध्या भरत. वरून कातडं शिवलं की झाला चेंडू! पण खेळ मात्र हाच बरं का, तुम्ही आज खेळता तोच. पायानंच मारायचा, हात लावायचा नाही. हाताची मुभा एकट्या राखणदाराला. मैदानाच्या दोन टोकांना दोन-दोन खांब असत आणि त्यांना म्हणत वेस. चेंडू खांबांमधून आत गेला, की सगळं मैदान उठून ओरडायचं, "वेस फुटली!"

त्या राज्यात गावोगावी संघ होते. वर्षाच्या शेवटी जो संघ सगळ्यांना हरवेल, त्याच्या गावात राजाचा पितळी नगारा वर्षभर राहायचा. डोंगराखालच्या वाडीला तो नगारा कधीच मिळाला नव्हता. बापाला नाही, आज्याला नाही, पणज्याला नाही! नगारा मात्र सगळ्यांना स्वप्नात वाजताना ऐकू यायचा.

पण खालच्या वाडीकडे एक गोष्ट अशी होती, जी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. मैदानाभोवती अकरा चिंचा होत्या, जुन्या आणि डेरेदार. लांबून आलेल्या लोकांना दिवस मावळायच्या आत घरी पोचायचं असे, म्हणून खेळ व्हायचा भर दुपारी. दुसरीकडे माणसं डोक्यावर धोतराचा सोगा घेऊन कशीबशी बसायची. इथे? इथे म्हातारी माणसं घोंगडी अंथरून आडवी व्हायची, बाया पाळणे बांधायच्या, पोरं फांद्यांवर चढायची. गारेगार!

म्हणून सात गावची माणसं इथे यायची. आत शिरताना प्रत्येक जण मूठभर ज्वारी टोपलीत टाकायचा. फुटाणेवाली, रसवाला, भजीवाला आपापली पायली द्यायचे. ती सगळी ज्वारी जायची मैदानाच्या कणगीत. कणगी सांभाळायला एक बाई होती, तिला सगळे काकी म्हणत. वर्ष संपलं, की काकी कणगीतल्या ज्वारीचे तीन वाटे करायची. एक वाटा गड्यांच्या पोटाला, एक मैदानाच्या डागडुजीला, आणि तिसरा नवा गडी आणायला.

नवा गडी आणायला ज्वारी कशाला, असं विचाराल. अहो, ज्या गावानं त्याला लहानाचा मोठा केला, खेळ शिकवला, त्या गावाला त्याचं मोल नको द्यायला? गडी 'हो' म्हणाला आणि ज्वारी पोचली, की तो तुमचा. रीत अशी होती.

आता ऐका गंमत. डोंगरावरच्या वाडीत एक गडी तयार झाला. त्याचं नाव कुणी घेतच नसे, सगळे त्याला वावटळ म्हणत. धावायला लागला की दिसायची फक्त धूळ! खालच्या वाडीचा पाटील त्याचा खेळ बघून आला आणि त्याची झोपच उडाली. चावडीसमोर उभा राहून तो ओरडला, "गडी पाहिला रे, गडी पाहिला! तो आला तर नगारा आपला!"

"मोल काय सांगतात?" काकीनं विचारलं.

"चाळीस पोती."

काकीच्या हातातलं सूप खाली पडलं. "तिसऱ्या वाट्याची साठून साठून दहा पोती झालीत, आणि वर्षाला भर पडते पाचाची. पाटील, अजून सहा वर्षं थांबावं लागेल."

"सहा वर्षं! तोवर वावटळ म्हातारा होईल आणि मी मरेन! ते काही नाही. चिंचा तोडायच्या. घाणे करणारा सुतार अकरा झाडांची पंधरा पोती देतो. राहिली पंधरा, ती वर्षाच्या शेवटी देऊ. वावटळ आला की माणसं दुप्पट येतील, ज्वारी दुप्पट येईल. आहे काय त्यात?"

"आणि सावली?"

पाटील मोठ्यानं हसला. "काकी, सावली काय वेस फोडते?"

झालं! सगळं गाव खो-खो हसायला लागलं. खरं सांगू? तुम्ही-मी तिथे असतो तर आपणही हसलो असतो. नगाऱ्याचं वेड लागल्यावर कुणाला सुचतंय!

काकीचा एकुलता एक मुलगा संघाचा राखणदार होता. त्याच्या हातून चेंडू निसटला असं वर्षातून एकदाच व्हायचं. तो आईजवळ येऊन म्हणाला, "आई, हो म्हण ना. मी वेस राखतो, पण पुढे फोडणारा नको का कुणी? एकदा, फक्त एकदा तो नगारा आपल्या चावडीवर वाजू दे."

पोराच्या डोळ्यांत पाहिलं आणि काकी विरघळली. तिनं कणगी उघडून दिली आणि अकरा चिंचांवर कुऱ्हाड पडली.

वरच्या वाडीचा म्हातारा कारभारी सौदा करायला खाली आला. त्यानं पंचवीस पोती मोजून घेतली आणि म्हणाला, "उरलेली पंधरा वर्षाच्या शेवटी. नाही आली, तर तुमच्या संघातला आम्ही निवडू तो एक गडी आमचा. कबूल?"

"कबूल!" पाटील म्हणाला. संघातल्या सगळ्या गड्यांनी चेंडूवर हात ठेवून शब्द दिला. चेंडूला सगळ्यांचे हात लागले ते तेवढेच.

आणि वावटळ आला! काय सांगू तुम्हाला! पहिल्याच सामन्यात त्यानं चार वेळा वेस फोडली. माणसं वेडी झाली, टोप्या उडाल्या, पाटलानं पागोटं सोडून झेंड्यासारखं फिरवलं. दुसरा सामना जिंकला, तिसराही जिंकला. रोज पहाटे वावटळ आणि काकीचा मुलगा मैदानात उतरायचे. वावटळ चेंडू मारायचा, हा अडवायचा. "उजवीकडे बघतोस आणि डावीकडे मारतोस, लबाडा!" असं म्हणत दोघं हसायचे. सख्खे भाऊ झाले दोघं.

पण काकी टोपलीजवळ बसायची ना, तिला दुसरंच काही दिसत होतं. पहिल्या सामन्याला टोपली उतू गेली. दुसऱ्याला म्हातारी माणसं आली नाहीत. तिसऱ्याला लेकुरवाळ्या बाया आल्या नाहीत, आणि त्या नाहीत म्हणून त्यांची पोरं नाहीत, पोरं नाहीत म्हणून फुटाणेवाली नाही. रसवाला म्हणाला, "काकी, खेळ झकास आहे हो, पण टाळकं तापतं!" आणि गाडा घेऊन निघून गेला. तोडलेल्या चिंचांच्या बुंध्यांवर कावळेसुद्धा बसेनात.

तरी नगारा मिळाला! हो, मिळाला! शेवटच्या सामन्यात वावटळीनं दोनदा वेस फोडली आणि काकीच्या मुलानं एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. चावडीवर तीन दिवस नगारा वाजत होता. काकीनं स्वतः टिपरू हातात घेऊन वाजवला, डोळ्यांतून पाणी काढत काढत वाजवला.

चौथ्या दिवशी म्हातारा कारभारी आला. कणगीत हात घातला तर गड्यांचं पोट भरून उरली होती जेमतेम चार पोती.

पाटलाच्या तोंडचं पाणी पळालं. तो म्हणाला, "कारभारी, नगारा न्या. पण सवलत द्या."

"नगारा खेळून घ्यायचा असतो, पाटील. ही चार पोती तुमच्या गड्यांना खाऊ घाला. मी माझा गडी निवडतो." म्हाताऱ्यानं एकेकाला पाहिलं. "वेस फोडणारे आमच्याकडे पुष्कळ तयार होतात. राखणारा नाही." आणि त्यानं काकीच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

काकी पुढे धावली. "माझा नको हो! दुसरा कुणीही घ्या!" पण शब्द दिलेला होता. मुलानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं, वावटळीला मिठी मारली आणि तो डोंगर चढून गेला.

वर्ष गेलं. पुन्हा शेवटचा सामना आला, आणि समोर कोण? वरची वाडी! नगारा ज्याच्याकडे त्याच्याच मैदानावर शेवटचा सामना, अशी रीत. ऊन असं रणरणत होतं, की चेंडूचं कातडं हाताला चटका देत होतं. मोजकी माणसं आली होती. सगळ्यांत पुढे, डोक्यावर ओला पदर घेऊन काकी बसली होती.

एक वेस त्यांनी फोडली, एक यांनी. बरोबरी! आता खेळ संपायला पाच पळं उरली. आणि चेंडू आला वावटळीच्या पायात! निघाला तो! एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, तिसरा आपोआप पडला! समोर उरला एकटा राखणदार. पाटील ओरडला, "मार! मार रे!" वावटळीनं उजवीकडे पाहिलं...

आणि राखणदारानं डावीकडे झेप घेतली. रोज पहाटे घेत होता ना, तशीच!

अडवला! दोन्ही हातांत घट्ट धरला, उठला, आणि सगळा जीव एकवटून चेंडू असा उडवला की तो थेट पलीकडच्या टोकाला. तिथे वरच्या वाडीचा एक गडी मोकळाच उभा होता. त्यानं नुसता पाय लावला. वेस फुटली!

खालच्या वाडीच्या तोंडून आवाज निघेना. त्या शांततेत एकटी काकी उभी राहून टाळ्या पिटत होती. "अडवला! माझ्या लेकानं अडवला!"

पाटील तिच्याकडे बघतच राहिला. "काकी, अहो, आपण हरलो!"

"हरलो ना, पाटील. पण आज नाही हरलो. तो कुठल्या बाजूनं खेळेल, हे चिंचांवर कुऱ्हाड पडली तेव्हाच ठरलं. आणि कणगी मीच उघडून दिली होती."

सामना संपल्यावर मुलगा धावत आला. आईचा लाल झालेला चेहरा पाहून त्यानं विचारलं, "आई, कुठं बसली होतीस गं?"

"उन्हात, बाळा. दुसरं आहे काय इथं?"

त्यानं आपल्या खांद्यावरचा पंचा भिजवून तिच्या डोक्यावर ठेवला. मग तो नगाऱ्याची एक बाजू धरून डोंगर चढून गेला. नगाऱ्याचा आवाज दूर दूर होत होता, आणि काकी तो ऐकत उभी होती.

दुसऱ्या दिवशी पाटलानं स्वतःच्या हातानं अकरा खड्डे खणले आणि चिंचेची अकरा रोपं लावली. काटेरी कुंपण घातलं, खांद्यावरून पाण्याच्या घागरी वाहिल्या. रोपांच्या सावलीत माणूस बसेपर्यंत बाहेरून नवा गडी आणायचा नाही, असं गावानं ठरवलं. त्याला वीस वर्षं लागली. काकीचे केस पांढरे झाले, वावटळीचे गुडघे दुखायला लागले, पण त्यानंतर खालच्या वाडीनं जो जो गडी आणला तो कणगीच्या तिसऱ्या वाट्यातूनच आणला.

बोध: नवं काही आणायचं तर आपल्या कमाईतून आणावं, जिथून कमाई येते, तेच विकून आणू नये.