वीतभर बुटका बाक

फार वर्षांपूर्वी, लाकडालाही बोलता येत होतं तेव्हा, एका खेड्यातल्या ख्रिस्तमंदिरात बारा बाक होते. अकरा एका उंचीचे आणि बारावा चांगला वीतभर बुटका. "सुताराला डुलकी लागली असणार," असं बाकीचे हसून म्हणायचे. बारावा रोज प्रार्थना करायचा, "देवा, मला यांच्याएवढा कर."

एकदा मंदिर झाडणाऱ्या शिमोनला त्याची दया आली. त्याने बाकाच्या चारही पायांखाली विटा लावल्या. बाकाला आभाळ ठेंगणं वाटू लागलं.

रविवारी तबिथाबाई नेहमीच्या जागी, याच बाकापाशी आल्या. त्यांची उंची सात वर्षांच्या मुलीएवढीच, पण उपासनेचं पहिलं गीत उभ्या राहून त्याच सुरू करायच्या. आज त्या कशाबशा चढून बसल्या आणि पाय लोंबकळत राहिले. गीताची वेळ झाली, तरी त्यांना उतरता येईना. सगळे वळून पाहू लागले. बाईंनी मान खाली घातली आणि बाकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारा याकोब सुतार उठला. त्याने बाईंना हात देऊन उतरवलं आणि विटा काढून टाकल्या. "शिमोन, बाईंच्या गुडघ्याचं माप घेऊन केलाय मी हा."

"म्हणजे माझं माप चुकलं नव्हतं?" बाक पुटपुटला.

तबिथाबाई त्याच्यावर टेकल्या. पाय फरशीला लागले. "मीही देवाला खूप वर्षं हेच विचारत होते रे," त्या म्हणाल्या आणि उठून गाऊ लागल्या.

त्या दिवसापासून बाकाची प्रार्थना बदलली. "देवा, रविवार लवकर येऊ दे."