पायाखालची बाभूळ

समुद्रापलीकडच्या कोळ्यांना बर्फ हवा होता, तेव्हाची गोष्ट. त्यांच्यासाठी घराएवढं एक बर्फयंत्र बोटीवर चढत होतं. रंग असा चकचकीत, की बंदरावरचे बगळे त्यात स्वतःला न्याहाळत.

मुकादमाने बोटीच्या पत्र्यावर आधी बाभळीचे जाड ओंडके अंथरले आणि यंत्र त्यांच्यावर टेकवलं. यंत्राच्या कपाळाला आठी पडली.

"हे कळकट मध्ये कशाला? खाली लोखंड, मीही लोखंड. आमचं आम्ही बघून घेऊ."

"लोखंडावर लोखंड घसरतं, दादा," मधला ओंडका म्हणाला. "म्हणून तर आम्हाला धाडतात. परमुलखात कीड जाऊ नये, म्हणून भट्टीत शेकून काढलंय आम्हाला."

"म्हणजे भाजलेल्यांनी बर्फवाल्याला सांभाळायचं!" यंत्र खदखदून हसलं.

भर समुद्रात वादळाने गाठलं. बोट कलंडू लागली, साखळ्या कण्हू लागल्या. कोपऱ्यातलं रिकामं पिंप पत्र्यावरून सर्रकन घसरत पाण्यात गेलं. ते पाहून यंत्राची बोबडी वळली.

"धरा रे मला!"

ओंडक्यांनी यंत्राचे पाय आपल्या अंगात रुतू दिले आणि पत्रा घट्ट धरून ठेवला.

पैलतीरी यंत्र वर उचललं, तेव्हा कोळी भोवती फिरून पाहू लागले. "शाब्बास रे! एवढं वादळ झालं, आणि अंगावर एक ओरखडा नाही!"

यंत्राने खाली पाहिलं. ओंडक्यांवर त्याचे पाय बोटबोट खोल उमटले होते.

"आहेत की," ते हळूच म्हणालं. "सगळे त्यांच्या अंगावर आहेत."