घाटात बसलेला वायपर

मोटारीचा भोंगा हाताने दाबावा लागे, त्या काळातली ही गोष्ट. इनामदारांच्या मोटारीत इंजिन हवा ओढून घेई आणि त्या ओढीवर वायपर हाले. इंजिन निवांत असलं की हा सपासप फिरे. चढावर इंजिनाची ओढ संपे आणि हा जागीच बसे. पण दारात उभ्या मोटारीवर त्याचा तोरा बघावा.

"माझ्याशिवाय तू आंधळी आहेस, बाई," असं तो काचेला उठताबसता ऐकवी.

एकदा भर पावसात मोटार घाटाला लागली. इंजिन धापा टाकू लागलं आणि वायपर काचेच्या मधोमध आडवा झाला.

"वायपरराव, पुसा की. डाव्या अंगाला दरी आहे," काच कळवळली.

"इंजिनच साथ देत नाही, त्याला मी काय करू?"

तुळाजी ड्रायव्हरने खिडकीतून हात काढला आणि डोक्यावरच्या टोपीने काच पुसत मोटार कशीबशी माथ्यावर आणली. तिथे लख्ख ऊन होतं. इंजिन विसावलं, तसा वायपर उठून सपासप फिरू लागला.

"आणलं की नाही तुला सुखरूप?"

"आणलंस हो," काच म्हणाली. "आता हालणं थांबव. कोरड्या अंगावर ओरखडे उठतात माझ्या."