खोट्या पोटाची ओटी

“म्हणजे आक्का, इतके शुक्रवार मी दारूची ओटी भरली?”

सुमतीबाईंनी हातातलं ताट अजून खाली ठेवलं नव्हतं. ताटात तांदूळ होते, नारळ होता, हिरवा खण होता.

नदीकाठचा मठ सांभाळणाऱ्या आक्का ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“बस आधी. दमलीस.”

“बसू कशी? गावभर हसतायत मला.”

हसण्यासारखं झालंही होतं. सुमतीबाईंच्या सुनेचं, मुक्ताचं, पहिलं पोट टिकलं नव्हतं. दुसऱ्या वेळी पाचवा महिना लागला तसा सुमतीबाईंनी नेम धरला. मुक्ता सुखरूप मोकळी होईपर्यंत दर शुक्रवारी एका पोटुशी बाईची ओटी भरायची. त्या नेमाच्या पक्क्या. कुठल्या व्रताला काय लागतं, ते विचारायला गावातल्या बायका त्यांच्याच दारी येत, आणि सुमतीबाईंना ते मनातून आवडायचंही.

शुक्रवारी पलीकडच्या काठावरच्या बायका बाजारासाठी नावेतून उतरत. त्यातच एक हौसा. पोट पुढे आलेलं, एक हात कमरेवर, पावलं जपून टाकणारी. सुमतीबाईंना वाटलं, देवीनंच धाडली. घाटावरच पाट मांडून त्यांनी तिची ओटी भरली. मग दर शुक्रवारी तीच.

परवा घाटावर नवी बाईपोलीस आली. तिनं हौसाला बाजूला घेतलं, आणि लुगड्याखालून मोटारीच्या चाकाची ट्यूब निघाली. गच्च भरलेली. हातभट्टीची.

“चार महिने पोट तेवढंच,” आक्का म्हणाल्या. “तुला शंका नाही आली?”

“मला वाटलं, अंगकाठीच तशी...”

आक्कांना हसू आवरेना. “डोहाळे तरी विचारायचेस गं! काय खावंसं वाटतं म्हणून.”

“थट्टा करू नका, आक्का.” सुमतीबाई म्हणाल्या. “मुक्ताचे दिवस भरत आलेत. माझं व्रतच खोटं निघालं. उद्या काही कमीजास्त झालं तर...”

आक्कांचं हसू थांबलं. हातातली वात त्यांनी तबकात ठेवली.

“भीती ती आहे होय.”

“होय, आक्का. लोक हसू देत. पण त्या पोरीला पुन्हा ते दुःख नको.”

मग सुमतीबाई ताट मांडीवर घेऊन बसल्या. “गुरवाची लेक माहेरी आलीय, सातवा लागलाय तिला. आज तिची ओटी भरते. दोष निघेल ना?”

आक्का घाटाकडे बघू लागल्या. सुमतीबाईंनीही पाहिलं.

सगळ्यात खालच्या पायरीवर हौसा बसली होती. पोट सपाट. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला.

“ही इथं कशी?”

“जामिनावर सोडलंय सकाळी. सरळ इकडंच आली. दोन दिवस पोटात अन्न नाही. तुझी वाट बघतेय. वर यायला धजत नाही.” आक्कांनी हाक दिली, “हौसा, ये गं वर. तुला कोणी खात नाही.”

हौसा आली. ओसरीच्या खालीच उभी राहिली.

“काकू, पाया पडाया आलीया. पर शिवत न्हाई तुमास्नी.”

सुमतीबाईंचा राग उसळून आला. “बाईमाणूस असून असले धंदे? लाज नाही वाटली? पुरुष करतात ते करतात. आईपणाचं सोंग आणायचं, तेही दारूसाठी!”

“लाज वाटायची काकू. पैल्या दिशी लई वाटली.”

“मग?”

“मग भूक लागली.”

नदीवर नावाड्यानं कुणाला तरी हाळी दिली, ती विरून गेली.

आक्का हळूच म्हणाल्या, “पोरी, हे काम तुला सुचलं कसं?”

“मला कुटलं सुचतंय. नवरा गवंडीकामाला म्हणून शेरात गेला, तिथंच दुसरी केली. जमीन दिराच्या नावावर. ईटभट्टी पावसाळ्यात बंद. दोन पोरी पदरात.” हौसा अंगठ्यानं माती उकरत होती. “दारूभट्टीवाला म्हनाला, पोटुशी बाईच्या अंगाला शिपाई हात लावत न्हाईत. तू पोट लाव, बाकीचं आमी बगतो.”

“आता बघतोय का?”

“आता म्हनतो, ही कोन बाई, मी वळकत न्हाई.”

“तरी दुसरं काम मागायचं होतंस,” सुमतीबाई म्हणाल्या. पण आवाज मघाचा राहिला नव्हता. “चार घरी धुणंभांडी मिळाली असती.”

हौसानं पहिल्यांदा मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता.

“मागितलं हुतं काकू. तुमच्याच दारात आलेली. नागपंचमीच्या टायमाला.”

सुमतीबाईंना आठवेना. मग एकदम आठवलं. मागच्या दारी उभी राहिलेली कोणी वाळकी बाई. “नवरा काय करतो?” हा आपलाच प्रश्न. आणि “टाकलीया” हे ऐकल्यावर आपण म्हटलेलं, “घरात तरणा मुलगा आहे गं बाई, पुढचं घर बघ.”

पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

“तवा पोट पाठीला लागलेलं,” हौसा म्हणाली. “कुनी बस म्हनलं न्हाई. मग ट्यूब बांदली, आन् नावंतून उतरताना मानसं हात द्याया लागली. तुमी तर पाट मांडलात. कुक्कू लावलंत.” ती थांबली. “माज्या खऱ्या दोगींच्या येळंला बी कुनी ओटी भरली नव्हती.”

सुमतीबाईंनी ताट खाली ठेवलं.

आक्कांनी विचारलं, “ओटीतल्या तांदळाचं काय केलंस?”

“भात. शुक्करवारी पोरी दारातच बसून असायच्या. आज आई भात आननार म्हनून.”

“नारळ?”

“कालवनात घातला. थोडा थोडा, आठवडाभर.”

“आणि खण?”

“थोरलीला दोन पोलकी झाली. बाकीचे ठिवल्यात. ते परत द्याया आनल्यात.” तिनं कमरेची पुरचुंडी सोडली. घड्या जशाच्या तशा होत्या.

सुमतीबाईंना त्या घड्या ओळखू आल्या. प्रत्येक खण त्यांनी स्वतः पारखून घेतला होता, रंग जाऊ नये म्हणून.

“राहू दे,” त्या पुटपुटल्या.

“न्हाई काकू. अजून एक सांगायचंय. त्याच्यासाठनंच आलीया.” हौसाचे शब्द अडखळले. “ओटी भरताना तुमी दर बारीला म्हनायचा, माज्या मुक्ताला सुखरूप सोडव. तुमी डोळं मिटून म्हनायचा. मी बी मिटायची.”

“तू काय म्हणायचीस?”

“म्हनायची, देवी, माजं खोटं हाय, ते माज्यापाशी ऱ्हाऊ दे. हिच्या सुनंचं तेवढं खरं कर.”

सुमतीबाई उठल्या. दोन पायऱ्या उतरल्या. काय करावं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी हौसाच्या डोक्यावरून घसरलेला पदर नीट केला. तो ओला होता.

आक्कांनी तबकातली वात पुन्हा हातात घेतली.

सुमतीबाईंनी खणांची पुरचुंडी पुन्हा बांधून हौसाच्या हातात दिली. मग म्हणाल्या, “मुक्ता बाळंत झाली की घरात हाताशी बाई लागेल. शेक-शेगडी, धुणं, बाळाचं न्हाणं... येशील?”

“मी? काकू, माज्यावर केस हाय. तारीक लागलीया.”

“तारखेला मी येईन तुझ्याबरोबर.”

“आन् लोक?”

“लोकांना व्रतं मीच सांगते ना? हेही सांगेन.” हे बोलताना सुमतीबाईंचा आवाज जरा चढला, मग त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. “पोरींनाही घेऊन ये. अंगणात खेळतील.”

हौसा रडू लागली. मोठ्यानं नाही. खांदे तेवढे हलत होते.

सुमतीबाईंनी ओसरीवर पाट मांडला. हौसा बसेना. आक्का म्हणाल्या, “बस गं, तुझी जागा आहे ती,” तेव्हा अंग चोरून टेकली.

कुंकू लावून झालं. हौसानं पदराची ओटी पसरली. सुमतीबाईंनी तांदळाची ओंजळ भरून घेतली...

आणि ती तशीच वर थांबली.

इतक्या वर्षांच्या नेमधर्माची सवय. ती एका सकाळीत कशी जाणार? त्यांनी आक्कांकडे पाहिलं. आता त्यांच्या आवाजात ताठा नव्हता. शाळेतल्या मुलीनं विचारावं तसं त्यांनी विचारलं,

“आक्का, नेम पोटुशीचा होता. आज तर हिच्या पोटात काहीच नाही. दोन दिवसांत अन्नसुद्धा नाही. ही ओटी लागू होईल?”

आक्का वात वळत होत्या. वळून झाली. तिचं टोक त्यांनी तेलात बुडवलं.

“भर, सुमती. आज जागा आहे.”