रुसव्याची पेटी

एका राज्यात एक राजकन्या होती, तिला रुसता येत नसे. आठ वर्षांची असताना ती एकदाच रुसली होती. आई गेली, आणि राजा चंद्रकेतूने तिला आईचं शेवटचं दर्शन घेऊ दिलं नाही. पोर भिंतीकडे तोंड करून बसली. कुणी समजूत काढायला येईल म्हणून वाट पाहिली. बाप आला नाही. त्याने मांत्रिक धाडला. मांत्रिकाने तिचा रुसवा काढला, लोखंडी पेटीत घातला, कुलूप लावलं आणि पेटी तळ्यात सोडली.

तेव्हापासून इंदुलेखा सगळ्यांशी सारखीच गोड बोले. बापाशी आणि भालदाराशी एकच स्वर. दरबारातले म्हातारे माना डोलवत, "काय वळण आहे पोरीला!" रुसायला आपलं माणूस लागतं, आणि तिचं आता कुणीच उरलं नव्हतं, हे त्यांच्यातल्या एकालाही दिसलं नाही.

बारा वर्षांनी राजा आजारी पडला. ती रोज येई, "आपली प्रकृती कशी आहे, महाराज?" विचारी, आणि उत्तर संपण्याआधी नमस्कार करून निघून जाई. तेव्हा कुठे त्याला एकटेपण कळलं. लवकरच कळलं म्हणायचं!

उठवेना, तरी तो तळ्यावर गेला. काठावर एक साळुंकी बसली होती.

"मुकुट पाण्यात टाक," ती म्हणाली. त्याने टाकला. पाणी दुभंगलं. तळाशी पेटीला विळखा घालून नाग बसला होता.

"नागाच्या विळख्यातून पेटी काढ." त्याने काढली.

"आता पोरीसमोर चूक कबूल कर. हे अवघड आहे."

राजाने पेटी इंदुलेखेपुढे ठेवली. "तुझ्या भल्यासाठीच केलं." कुलूप दुप्पट झालं.

"माझं काही चुकलं असेल तर..." कुलूप तिप्पट झालं.

"असेल तर?" साळुंकी खिडकीतून ओरडली. "मेल्या, अजून असेल तर?"

राजा जमिनीवर बसला. "चुकलं माझं. आईपाशी तू रडली असतीस, तर मीही सगळ्यांदेखत रडलो असतो. मी भ्यालो."

कुलूप गळून पडलं. आत लहान पोरीएवढा रुसवा बसला होता. तो उठला आणि इंदुलेखेत शिरला. मंत्र तुटला, आणि त्या राज्यात मांत्रिकांना मुलांच्या खोलीत मज्जाव झाला.

राजाने हात पसरले. थोरांना वाटतं, चुकलं म्हटलं की संपलं. इंदुलेखेने पाठ फिरवली.

"जा तुम्ही, बाबा. मला बोलायचं नाही तुमच्याशी."

तो गेला नाही. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "जेवतेस?"

"नाही."

"मग मी जेवू?"

"नाही!"

"बरं," राजा म्हणाला, आणि तिच्या पाठीशी उपाशी बसून राहिला.