झिजलेल्या पंपाचं माप

मंडळी, विश्वास जुन्यावर ठेवाल की नव्यावर? आमच्या इंजिन-दुरुस्तीच्या दुकानात हा वाद रोजचाच.

फार मागे एका मासेमारी बोटीच्या इंजिनाला डिझेल मोजून देणारा पंप होता. आतून झिजला, तसं त्याचं माप कमी पडू लागलं.

“पंपदादा, आज डिझेल कमी आलं,” पंपाकडून आलेलं डिझेल इंजिनात फवारणारा नोझल म्हणाला.

“तूच चोंदलायस रे!” पंप खेकसला. खरं सांगितलं तर भंगारात जाऊ, ही त्याला धास्ती.

“पंप जुना, इमानदार. खोट नोझलातच,” म्हणत बोट हाकणाऱ्या तांडेलाने नोझल बदलला. नवाही तेच बोलला, तोही फेकला गेला.

शेवटी खडकांजवळ, भर लाटांत इंजिन बंद पडलं.

“माप माझंच झिजलंय,” पंप रडला.

“बंदरात बोलला असतास तर दुरुस्त झाला असतास, दादा,” इंजिन म्हणालं, आणि बोट खडकावर आपटली.

बाबांनो, माप कमी पडलं तर कमीच सांगा. हिशेब तेवढा खरा ठेवा.