बहुतेक झोपलेलं मांजर

फार पूर्वी एका कोठारात एक उंदरीण राहत होती. तिची पिल्लं दोन दिवसांची उपाशी, आणि धान्याच्या कणगीपाशी मांजर पसरलेलं. तिने भिंतीवरच्या पालीला विचारलं, "पालताई, मांजर झोपलंय का हो?"

पाल शब्दांची मोठी पंडित. म्हणाली, "बहुतेक झोपलंय."

उंदरीण निघाली, आणि अर्धं शेपूट मांजराच्या पंजात सोडून कशीबशी बिळात परतली.

"झोपलंय म्हणालात ना!" ती रडत ओरडली.

"बहुतेक म्हणाले," पाल म्हणाली. "‘झोपलं असावं’ हा तुमचा अर्थ झाला. बहुतेक म्हणजे बराचसा भाग. पाय, पोट, शेपटी, सगळं झोपलं होतं. जागा होता तो एकच डोळा. जरा भाषा शिका!"

उंदरीण जखम चाटत बसली. त्या दिवशी पिल्लं पोटभर व्याकरण खाऊन झोपली.